दिव्यांग लेकराच्या घरच्यांचा विश्वास शाळेनं कसा मिळवावा

शाळेचा फोन आला की "काय केलं आमच्या लेकरानं?" असं माय विचारत असेल, तर आजवर शाळेनं तक्रारीसाठीच फोन केलाय. हे आधी मोडायला हवं. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या पंधरवड्यात घरी जा. लेकराला काय जमतं ते विचारा: भूक लागली की कसं सांगतं, कुणाच्या हाकेला वळतं, कशाला घाबरतं. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा विषय दुसऱ्या भेटीत काढा. आल्या आल्या टक्के विचारले की शाळेला लेकरू नको, नोंद हवीय, असंच घरच्यांना वाटतं. त्यानंतर आठवड्याला एक चांगली गोष्ट कळवा. मायला वाचता येत नसेल तर व्हॉट्सॲपवर आवाजात पाठवा.

वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजे या लेकरानं काय आणि कसं शिकायचं याचा लेखी बेत, आधी भरून नुसती सही घेऊ नका. गट साधन केंद्राचे (तालुक्याच्या शाळांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्राचे) विशेष शिक्षक येतील त्या दिवशी घरच्यांना बोलवा. सोयाबीन काढणीत मजुरी बुडवून कुणी येणार नाही, म्हणून वेळ संध्याकाळची ठेवा. तीन महिन्यांसाठी दोनच उद्दिष्टं पुरेत, त्यातलं एक घरच्यांनी सांगितलेलं. "लघवीला लागली की खूण करेल" हेही चालतं. लिहिलेलं वाचून दाखवा, प्रत त्यांना द्या.

बीड, धाराशिवकडं खरी कसोटी ऊसतोडीची. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, म्हणून सप्टेंबरातच विचारा: लेकरू आजीजवळ राहणार, हंगामी वसतिगृहात, की कोपीवर (तोडीच्या जागी मजुरांच्या झोपडीत)? आजीजवळ राहणार असेल तर तिला बैठकीला बोलवा; लेकराला झटके (फिट) येत असतील तर त्याच्या गोळ्या किती, कधी, हे तिच्याकडून वदवून घ्या. एक डोस चुकला तरी झटका येऊ शकतो. कोपीवर नेणार असतील तर प्रमाणपत्राची झेरॉक्स, औषधाची चिठ्ठी आणि आराखडा प्लॅस्टिकच्या पिशवीत द्या, आणि दर पंधरा दिवसांनी फोन करा.

श्रवणयंत्र, व्हीलचेअर "पुढच्या महिन्यात नक्की" असं सांगू नका. ते तुमच्या हातात नसतं, आणि तारीख हुकली की बाकीचं बोलणंही खोटं वाटू लागतं. अर्ज कुठं अडलाय ते सांगा.

घरच्यांनी विशेष शाळेचं नाव काढलं तर रागावू नका. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवड 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानंच दिलीय. दोन्ही शाळा सोबत जाऊन दाखवा.