जळगावात रविवार आरोग्यदायी कसा घालवावा

जळगावात सुटीचा दिवस आखताना घड्याळाआधी उन्हाचा विचार करावा लागतो. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि मार्च सरता सरताच दुपारी रस्ते ओस पडू लागतात. त्यामुळे उन्हाळ्यात बाहेरची कामे व फिरणे सकाळी नऊच्या आत किंवा सायंकाळी सहानंतर ठेवावे आणि मधला वेळ छपराखाली घालवावा. हिवाळ्यात हे बंधन बरेच सैल होते.

यासाठी शनिवारची रात्र सांभाळणे आवश्यक आहे. आठवडाभर सहाला उठणारा माणूस रविवारी दहाला उठला, तर त्याला त्या रात्री झोप लवकर लागत नाही आणि सोमवार जांभया देण्यात जातो. झोप अपुरी राहिली असल्यास उठण्याची वेळ फार तर तासभर पुढे न्यावी आणि उरलेली भरपाई दुपारच्या वीस-तीस मिनिटांच्या डुलकीने करावी.

सकाळी फिरण्यासाठी मेहरूण तलावाचा परिसर उत्तम आहे. हिवाळ्यात तेथे पाणपक्षीही पाहायला मिळतात. चालण्याचा वेग असा असावा, की सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. रविवारी तासभर चालले तर त्यातला मोठा वाटा पूर्ण होतो, मात्र उरलेला इतर दिवशी भरून काढावाच लागतो. धुळेकरांनी हाच वेळ लळिंगच्या किल्ल्यासाठी द्यावा. चढाईमुळे पायांच्या स्नायूंनाही काम मिळते. फिरून परतताना कचोरीच्या गाडीवर थांबण्याची आपल्याकडची रीत मात्र सोडलेली बरी, कारण अर्ध्या तासाच्या चालण्याने खर्च होणाऱ्या उष्मांकांहून अधिक उष्मांक एका तळलेल्या कचोरीत सहज असू शकतात. त्याऐवजी केळी आणि मूठभर शेंगदाणे खावेत. केळी तर आपल्याकडे बारमाही मिळतात.

हिवाळ्यातील दुपारसाठी भरताहून चांगला बेत नाही, आणि तो हॉटेलातून न मागवता घरीच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हिरवी-पांढरी, भरदार वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजणे, हाताला चटके बसत असताना त्यांची साल काढणे, भाजलेल्या हिरव्या मिरच्या व लसूण यांच्यासह गर लाकडी बडगीत ठेचणे आणि कांद्याची पात बारीक चिरणे, यात घरातील सर्वांचे हात गुंततात व दोन तास मोबाइल आपोआप बाजूला राहतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गॅसवर वांगी भाजली तरी चालते. धुराची चव तेवढी कमी लागते. या पदार्थात तेल हातचे राखून घालावे, कारण भरीत आरोग्याला हितकर ठरते की जड, हे बव्हंशी फोडणीवर अवलंबून असते. सोबत तळलेल्या पुऱ्यांऐवजी कळण्याची भाकरी घ्यावी. तीत ज्वारीबरोबर उडीद असल्यामुळे प्रथिनेही मिळतात. पिठातच मीठ असते, म्हणून वरून घेणे टाळावे.

उन्हाळ्यात मात्र दुपारचे जेवण हलके असावे. ताक, कैरीचे पन्हे आणि पाणी तहान लागण्याची वाट न पाहता घेत राहावे. कूलर चालू असताना खिडकी थोडी उघडी ठेवणे आवश्यक आहे, अन्यथा खोलीत दमटपणा साचतो, घाम वाळत नाही आणि गार हवेतही जीव घुसमटतो. उन्हातून आलेली व्यक्ती असंबद्ध बोलू लागली किंवा तिचे अंग तापून ती ग्लानीत गेली, तर तिला सावलीत नेऊन अंगावर पाणी मारावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या माणसाला पाणी पाजू नये.

दुपारी घरात बसून कंटाळा येत असेल, तर जैन हिल्सवरील गांधी तीर्थ पाहावे. २०१२ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय नीट पाहायचे तर दोन-अडीच तास लागतात, आणि तेवढा वेळ माणूस उन्हात न जाता हळूहळू चालत राहतो. मुलांना सायंकाळी भाऊंच्या उद्यानात न्यावे. मॉलमधील फेरीला मी या दिवसात स्थान दिलेले नाही, कारण तेथे पावले जेमतेम पडतात आणि खाणे मात्र दुप्पट होते.

रात्रीचे जेवण आठच्या सुमारास उरकावे. दुपारी भरीत झाले असेल, तर मुगाच्या डाळीची खिचडी आणि कढी पुरेशी होते. त्यानंतर लगेच आडवे न होता गल्लीत दहा-पंधरा मिनिटे शतपावली करावी, कारण जेवणानंतर वाढणारी रक्तातील साखर त्यामुळे आटोक्यात राहते, आणि मधुमेह असलेल्यांना याचा विशेष उपयोग होतो.