ग्रीनलंड भारतावर ठेवून बघा

मर्केटर या नकाशाकाराच्या पद्धतीने काढलेल्या जगाच्या नकाशात ग्रीनलंड जवळपास आफ्रिकेएवढं दिसतं. त्यावर विश्वास ठेवण्याआधी पृथ्वीगोल समोर घ्या. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हेच करायला लावते.

ट्रेसिंग पेपरचा तुकडा गोलावरच्या ग्रीनलंडवर घट्ट धरा आणि पेन्सिलीने किनारा गिरवा. कागदाला चुण्या पडतील, पडू द्या. गोल पृष्ठभाग सपाट कागदावर नीट बसतच नाही, नकाशाचं मूळ दुखणं तेच! आता तो तुकडा भारतावर ठेवा. भारत चहूबाजूंनी बाहेर उरतो. ग्रीनलंड सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर, भारत ३२.९ लाख. आफ्रिका तर तीन कोटींच्या वर, म्हणजे जवळपास चौदा ग्रीनलंड.

१५६९ साली मर्केटरने हा नकाशा खलाशांसाठी केला. होकायंत्राची एकच दिशा धरून गेलं की मार्ग सरळ रेषेत यावा, म्हणून त्याने दिशा जपली आणि क्षेत्रफळ सोडलं. त्यात ६० अक्षांशावरचा प्रदेश चौपट मोठा दिसतो. त्यामुळे क्षेत्रफळाची तुलना करायची असेल तर समक्षेत्र प्रक्षेपणाचाच, म्हणजे क्षेत्रफळाचं प्रमाण जपणारा, नकाशा घ्या.

ग्रीनलंड झालं की रशिया आणि आफ्रिका करून बघा. तिथे मुलं हमखास वाद घालतात, घालू द्या.