नव्या टारबॉलची सही यूस्कॅनलाच तपासू द्या

डेबियन या लिनक्स प्रणालीत एन्क्रिप्शनचं पॅकेज सांभाळायचं तर दर नव्या आवृत्तीच्या टारबॉलची, म्हणजे मूळ कोडच्या गठ्ठा-फाइलची, डिजिटल सही हाताने तपासावी लागते, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं. हे काम यूस्कॅनच्या, म्हणजे नव्या आवृत्त्या शोधून उतरवणाऱ्या डेबियनच्या साधनाच्या, गळ्यात घाला.

१. मूळ प्रकल्पाची पब्लिक की, म्हणजे सही तपासायची किल्ली, घ्या. तिच्या फिंगरप्रिंटची (ओळखखुणेची) सगळी ४० अक्षरं दुसऱ्या एखाद्या ठिकाणाहून मिळवून ताडून पाहा. शेवटची ८ जुळली म्हणून निश्चिंत होऊ नका; तेवढी जुळणारी बनावट की सहज तयार करता येते.

२. जीपीजी या सह्या-किल्ल्या हाताळणाऱ्या प्रोग्रॅमने ती आर्मर, म्हणजे साध्या मजकुराच्या, स्वरूपात काढा. ‘एक्सपोर्ट-मिनिमल’ लावलंत तर इतरांच्या सह्यांचा पसारा गळून फाइल आटोपशीर होते. मग ती डेबियन फोल्डरमधल्या ‘अपस्ट्रीम’मध्ये ‘साइनिंग-की डॉट एएससी’ नावाने ठेवा.

३. नवी आवृत्ती कुठे शोधायची ते यूस्कॅनला सांगणाऱ्या वॉच फाइलच्या ऑप्ट्समध्ये (पर्यायांत) ‘पीजीपीमोड=ऑटो’ लिहा.

आता यूस्कॅन टारबॉलसोबत सहीची फाइलही उतरवून घेतं, आणि सही जुळली नाही तर तिथेच अडतं.

एक मात्र सांभाळा. सही जुळली म्हणजे टारबॉल त्या कीवाल्याने दिला, इतकंच. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांच्या टारबॉलवर रीतसर सह्या होत्या, तरी आत बॅकडोर (चोरदरवाजा) होता. तो जागा करणारी ओळ गिटमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या उघड साठ्यात, नव्हतीच. म्हणून टारबॉलचा त्याच आवृत्तीच्या गिट टॅगशी डिफ (फरक) काढा आणि बिल्डच्या, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवणाऱ्या, फाइली आधी वाचा.