बायकांची इंटरक्लब सेलिंग सिरीज सुरू करताय? या चुका टाळा

दोन-तीन क्लब एकत्र येतात, बायकांसाठी शिडाच्या बोटींची रेस सिरीज जाहीर होते, पहिल्या रेसला हौसेने गर्दी, भरपूर फोटो, आणि चौथ्या-पाचव्या रेसपर्यंत स्टार्ट लाइनवर मोजून चार बोटी उरतात. मग कमिटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच, की बायकांना रेसिंगमध्ये इंटरेस्ट नाही. मला हे वाक्य अजिबात पटत नाही. इंटरेस्ट असतो म्हणूनच तर पहिल्या दिवशी एवढ्या जणी येतात, आपण त्यांना कुठे बसवतो आणि काय करायला देतो तिथे सगळं बिघडतं.

सगळ्यात मोठी चूक: क्रू मोजायच्या, स्किपर मोजायच्याच नाहीत

"यंदा आपल्याकडे तीस जणी आल्या" हे ऐकायला छान वाटतं, पण त्यातल्या सुकाणू धरू शकणाऱ्या किती? टंचाई नेहमी स्किपरची, म्हणजे बोट चालवणारीची असते, बाकी कामं करणाऱ्या क्रूची नाही. एक स्किपर तयार झाली की ती बोट घेऊन येते आणि सोबत तीन-चार जणींना जागा मिळते. उलट, दहा नवीन क्रू आल्या आणि बोटी तेवढ्याच राहिल्या तर त्यातल्या सहा-सात जणी धक्क्यावर उभ्या राहतात, आणि दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा येत नाहीत. त्यांची काय चूक?

आणि हे आपोआप होत नाही हो. पुरुष-बायकांच्या मिक्स क्रूवर वर्षानुवर्षं जिब शीट (पुढच्या शिडाची दोरी) ओढणारी बाई बोट सगळी ओळखते, वारा ओळखते, फक्त टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, तिच्या हातात कधी आलेलं नसतं. पॅरिसला २०२४ मध्ये ४७० मिक्स्डचं (एक बाई, एक पुरुष अशा दोघांच्या बोटीचं) ऑलिम्पिक सोनं ऑस्ट्रियाने जिंकलं तेव्हा सुकाणू लारा वाडलाउच्या हातात होतं, म्हणजे मिक्स बोटीवर बाईने पुढे क्रू म्हणूनच बसायचं असा काही नियम नाही, सवय आहे फक्त.

म्हणून रेसच्या आधी प्रॅक्टिसच्या संध्याकाळी ठेवा आणि तिथे फिरती पाळी लावा. दोन मार्क (तरंगत्या खुणा) टाका, एकीने वाऱ्याच्या दिशेने वर न्यायचं, वरच्या मार्कला वळून खाली यायचं, खालच्या मार्कला टिलर दुसरीकडे. नवीन हेल्मला (सुकाणू धरणारीला) एकच काम द्या: जिबच्या टेलटेल्स, म्हणजे शिडाला चिकटवलेल्या छोट्या दोऱ्या, बघ. आतली, म्हणजे वाऱ्याच्या बाजूची, फडफडायला लागली तर बोट वाऱ्याकडे जास्त चढलीये, थोडी उतरव. बाहेरची फडफडली तर उलट, थोडी चढव. एवढंच. शीडाचा ट्रिम, टॅक्टिक्स, समोरच्या बोटी हे सगळं पहिल्याच दिवशी सांगायला गेलं की ती गोंधळते आणि "तूच घे बाई" म्हणून टिलर परत देते, आणि एकदा परत दिलेलं टिलर पुन्हा घ्यायला तिला पुढचा सीझन लागतो.

बोट मिळते, पण मालकही सोबत येतो

बोट बहुतेक वेळा कुणाच्या तरी नवऱ्याची, भावाची, क्लबमधल्या काकांची असते. ते बोट देतात हे मोठंच मन आहे, पण मग ते मागे बसून प्रत्येक टॅक (वळण) सांगतात आणि स्किपर नावाला उरते. यावर भांडण नको, लेखी नियम हवा. नोटिस ऑफ रेसमध्येच (रेसच्या जाहीर सूचनेत) स्पष्ट लिहा: हेल्म पूर्ण रेसभर बाईचाच, पुरुष चालणार असेल तर किती आणि त्याने काय करायचं नाही. काही ठिकाणी सेफ्टीसाठी एक पुरुष चालतो, काही ठिकाणी क्रू पूर्ण बायकांचा लागतो, दोन्ही ठीक, पण सगळ्या क्लबांना एकच नियम.

नियमाने काय होतं बघायचं असेल तर २०१७-१८ ची व्होल्वो ओशन रेस, ही जगप्रदक्षिणेची रेस, बघा. फक्त पुरुष घेतले तर सातच जण, बायका घेतल्या तर जास्त माणसं न्यायची मुभा, असा नियम केला आणि टीम्सनी बायका घेतल्या. जिंकलेल्या डोंगफेंग बोटीवर कॅरोलाइन ब्राउवर आणि मारी रिऊ होत्या, ही रेस जिंकणाऱ्या पहिल्या बायका. नुसतं आवाहन करत बसले असते तर एवढं झालं नसतं असं माझं स्पष्ट मत आहे.

मालकाची खरी भीती नुकसानीची असते, ती आधीच मिटवा. इन्शुरन्स रेसिंगला आणि दुसऱ्या स्किपरला लागू आहे का ते विचारा, नुकसान झालं तर कोण भरणार ते कागदावर आणा. तोंडी "बघू नंतर" वर घेतलेली बोट पुढच्या वर्षी मिळत नाही.

प्रत्येक क्लबचं वेगळं तंत्र

यजमान क्लब आळीपाळीने बदलावा हे बरोबरच आहे, पण नोटिस ऑफ रेस आणि सेलिंग इन्स्ट्रक्शन्स (रेस कशी चालेल त्याच्या लेखी सूचना) सगळ्यांचे एकच ठेवा. स्टार्टच्या सिग्नलचा क्रम तोच, पाच मिनिटं आधी, मग चार, मग एक, मग स्टार्ट. एका क्लबने आपल्या मनाने तीन मिनिटांचा केला की नवीन स्किपर तिथेच हरते. तारखा ठरवताना प्रत्येक क्लबच्या एका बाईला बसवा, कॅलेंडर समोर ठेवा, आणि क्लबच्या मोठ्या रेगाटाच्या (स्पर्धेच्या) दिवशी ही सिरीज लावूच नका कारण बोटी तिकडे जाणार हे उघड आहे. कमी रेस ठेवा पण ठरलेल्या ठेवा.

स्कोअरिंगमुळे गळती

ही चूक कुणाच्या लक्षातच येत नाही. नेहमीच्या लो पॉइंट पद्धतीत (ज्याचे पॉइंट कमी तो पुढे) पहिल्याला १, दुसऱ्याला २, आणि जी बोट फिनिश करत नाही तिला सिरीजमधल्या एकूण एंट्रीपेक्षा एक जास्त. समजा सिरीजला दहा बोटी, आज आल्या सहा. सहापैकी एकीचं शीड फाटलं, तिला ११. जी घरीच बसली तिलाही ११. म्हणजे येऊन प्रयत्न केल्याची किंमत शून्य! रेसिंग रूल्सच्या अपेंडिक्स ए मध्ये ए५.३ हा पर्याय आहे, तो नोटिसमध्ये लिहून लागू करा, मग आलेल्या बोटींच्या संख्येपेक्षा एक जास्त म्हणजे तिला ७, आणि न आलेलीला ११. शिवाय सगळ्यात वाईट एक-दोन स्कोअर वगळायची सोय ठेवा, घरचं काही ना काही निघतंच आणि एका चुकलेल्या रविवारने सीझन संपला असं वाटलं की माणूस येत नाही.

स्पिनेकरवाल्या (फुग्यासारखं मोठं जादा शीड लावणाऱ्या) आणि नवीन बोटी एकाच डिव्हिजनमध्ये टाकू नका. फक्त मेन (मुख्य शीड) आणि जिबची वेगळी डिव्हिजन करा, बऱ्याच नवीन स्किपर तिथूनच तयार होतात.

सगळ्या लाइनपासून लांब का राहतात?

स्टार्टला बोटी लाइनच्या कितीतरी मागे रेंगाळताना दिसल्या तर ती भीती आहे, आळस नाही. लाइन छोटी असेल तर आधी ती लांब करा, सगळ्या बोटींच्या लांबीच्या बेरजेच्या दीडपट तरी. आणि प्रॅक्टिसला नुसते स्टार्ट घ्या, रेस नाही. स्टार्ट, एक मिनिट पुढे, परत या, पुन्हा स्टार्ट. तासाभरात खूप होतात आणि कोण पोर्टवर (वारा डावीकडून), कोण स्टारबोर्डवर (वारा उजवीकडून), कोणी वाट द्यायची हे अंगात मुरतं.

नियम मोडल्यावर दोन टर्नची पेनल्टी (बोट दोनदा गोल फिरवायची) नवीन स्किपरला शिक्षेसारखी वाटते आणि ती घेतच नाही, मग प्रोटेस्ट (तक्रार), मग कडवटपणा. सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये एक टर्न करता येतो, करा. रेसनंतर दहा मिनिटं त्या दिवशीच्या एकाच प्रसंगावर बोला, कोण चुकलं यापेक्षा तिथे काय करता आलं असतं यावर.

बाकी पटकन

वाऱ्याची मर्यादा सीझनच्या आधी ठरवा आणि रेस रद्द करायचा निर्णय एकाच व्यक्तीकडे द्या, सकाळी ग्रुपवर चर्चा नको. लाइफ जॅकेट छोट्या साइजचे आहेत का बघा, ढगळ जॅकेट पाण्यात वर सरकतं. रेस कमिटी आणि सेफ्टी बोट यजमान क्लबच्या पुरुषांनी सांभाळावी, नाहीतर आपल्याच चांगल्या स्किपर झेंडे धरून उभ्या राहतात. बक्षीस खुल्या सिरीजच्या तोडीचं द्या, आणि देताना क्रूचीही नावं घ्या.

शेवटची रेस पॉइंटशिवाय ठेवा, त्यात ज्यांनी सीझनभर हेल्म केलं नाही त्यांनीच सुकाणू धरायचं आणि स्किपरने जिब शीटवर बसायचं. त्याच दिवशी, बोटी पाण्याबाहेर निघायच्या आत, पुढच्या वर्षी कोण स्किपर व्हायला तयार आहे त्यांची नावं घ्या आणि प्रत्येकीसमोर बोटीच्या मालकाचं नाव लिहून त्याला तिथेच विचारा.