'विशेष'चा 'विशेप': जाड्या फॉन्टशी पहिली गाठ

माझा पहिला फॉन्ट एका नाटकाच्या जाहिरातीत छापून आला, तेव्हा 'विशेष प्रयोग'चा 'विशेप प्रयोग' झाला होता. 'ष'च्या पोटातली तिरकी रेघ मी केसाएवढी ठेवली होती. वर्तमानपत्राच्या कागदावर ती उमटलीच नाही. स्क्रीनवर मात्र सगळं झकास दिसत होतं. जुन्या पोस्टरच्या वळणाचा जाडजूड सेरिफ (रेघांच्या टोकांना छोटे पाय असलेला) फॉन्ट करायला निघाला असाल, तर आधी हे वाचा.

या जातीला फॅटफेस म्हणतात. १९व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये लॉटरीच्या जाहिरातींना भिंतीवरून ओरडायचं होतं. टाइप फाउंड्र्यांनी, म्हणजे छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्यांनी, उभ्या रेघा फुगवल्या, आडव्या तशाच बारीक ठेवल्या. मोठ्या आकाराचे धातूचे टाइप जड आणि महाग पडत, म्हणून पुढे लाकूड आलं. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स यांनी १८२८ मध्ये लाकडी टाइपांची नमुनापुस्तिका काढली. थोडक्यात, हे अक्षर लांबून वाचायचं. मी ते दोन कॉलमांत कोंबलं होतं!

रोमन लिपीत रस्ता मळलेला आहे: 'एन', 'ओ' जमले की बरीचशी अक्षरं त्यांच्या मागून येतात. देवनागरीत तसं नाही. बोरूच्या तिरक्या कापामुळे आपली उभी आणि आडवी रेघ साधारण सारखीच जाड येते. फरक पडतो तो वळणांत आणि तिरक्या रेघांत. फॅटफेसचा हिशेब लावायचा तर शिरोरेषा बारीक करावी लागते. मी ती सेरिफइतकी बारीक केली, तर अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्यांसारखी लोंबायला लागली. जाड केली, तर खाली अक्षरांचा श्वास कोंडला. दोन महिने या ओढाताणीत गेले. शेवटी बटर पेपरवर आधी अक्षराच्या पोटातली पांढरी जागा काढायला लागलो, काळं नंतर भरलं. तेव्हा कुठे 'म' आणि 'भ' एका घरातले वाटायला लागले.

सुरुवात 'व', 'प', 'न', 'र'नेच करा, पण पहिल्याच आठवड्यात 'राष्ट्र' आणि 'क्षुद्र' लिहून बघा. आराखडा मोडायचा असेल तर तो तिथेच मोडतो, आणि चाळीस अक्षरं झाल्यावर मोडण्यापेक्षा चार झाल्यावर मोडलेला बरा.

इंडियन टाइप फाउंड्रीचा 'रोझा वन' आणि 'एक टाइप' या संस्थेचा 'मोदक', हे दोन्ही फॉन्ट मोफत मिळतात. शेजारी ठेवून बघा: रोझात जाड-बारीकचा टोकाचा खेळ आहे, तर मोदकमध्ये पांढरी जागाच रेघेएवढी उरलीय. सॉफ्टवेअरवर पैसे घालवायची घाई नको, फॉन्टफोर्ज पुरतं. पैसे प्रिंटवर घालवा. साध्या कागदावर, खऱ्या आकारात, दर आठवड्याला.

माझ्या 'ष'ची रेघ आता ठरल्यापेक्षा जाडच असते. 'रू' मात्र अजून अडून बसलाय. त्याच्या ऊकाराच्या आकड्याला जागा कुठे द्यावी, कळत नाही.