उठल्या उठल्या डोळ्यापुढं अंधारी येते? मग उठायचं असं, आणि बीपी बघायचं असं

खानापूरकडं भात लावणी सुरू झाली की बायका तासन्‌तास वाकून असतात आणि एकदम सरळ झाल्या की गरगरतं, मग बांधावरनं कोणतरी ओरडतंयच, बीपी लो झालंय, मीठपाणी द्या की! बीपी खाली गेलेलं असतं हे खरं, पण मीठ सगळ्यांना चालत नाही.

होतं काय बघा, झोपलेला माणूस उभा राहिला की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटाकडं आणि पायाकडं उतरतं, हृदयाकडं परत येणारं रक्त घटतं आणि प्रेशर पडतं. जबड्याखाली मानेत जिथं नाडी लागते तिथल्या धमनीत आणि छातीत महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात, ती लगेच मेंदूला कळवतात, मग ठोके वाढतात आणि बारीक धमन्या आवळतात. हे आवळणं लई ताकदीचं, कारण नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा 16 पट होतो, म्हणून जरासं आवळलं तरी पुरतं. सगळं काही सेकंदात. वय झालेल्यांना, जुन्या शुगरवाल्यांना, उन्हात पाणी कमी पिलेल्यांना मात्र हे जमायला उशीर लागतो नाहीतर पुरेसं जमतच नाही. किडनीपण मीठ-पाणी धरून प्रेशर सांभाळते, पण तिचं काम सावकाश, तासा-दिवसांचं.

म्हणून सकाळी झटक्यात उठू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडून मिनिटभर बसा, टाचा वरखाली करा, पोटऱ्या आवळल्या की शिरांतलं रक्त वर ढकललं जातं आणि झडपांमुळं परत खाली येत नाही. मग उभं राहा. उभ्या उभ्या गरगरलं तर पायावर पाय आडवा घालून मांड्या आवळा, तरी थांबेना तर सरळ खाली बसा, लोक काय म्हणतील ते नंतर. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर आणि भरपेट जेवणानंतर जास्त जपा.

घरात मशीन असेल तर पाच मिनिटं आडवं पडून बीपी घ्या, मग उभं राहून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी परत घ्या, पट्टा हृदयाच्या उंचीला, मधे गप्पा नकोत. वरचा आकडा 20 नाहीतर खालचा 10 नं पडला तर वहीत लिहा आणि गोळ्यांच्या पाकिटांसकट डॉक्टरांना दाखवा, बीपीच्या, लघवीच्या, प्रोस्टेटच्या गोळ्यांनीपण असं होतं. मनानं गोळी बंद करायची नाही हं. काहींचं तर झोपून बीपी हाय आणि उभं राहून लो असतं, त्यांना आणि हृदय-किडनीवाल्यांना विचारल्याशिवाय मीठपाणी पाजू नका.

बेशुद्ध पडलं, छातीत दुखलं किंवा डांबरासारखी काळी शौच झाली तर मशीन शोधत बसू नका, गाडी काढा.