नवी मुंबईत बसून राव्निकारची केस स्टडी कशी करायची

सेमिस्टर सुरू झालं की ज्युनियर्सचा तोच प्रश्न, "दादा केस स्टडीला कोणाला घेऊ", आणि कितीही सांगा, शेवटी शीटवर कॉर्बुझिए नाहीतर झाहा हदीद, तेच ते जगप्रसिद्ध आर्किटेक्ट. यावेळी एडवर्ड राव्निकार घेऊन बघा. स्लोव्हेनियाचा आर्किटेक्ट, १९०७ मध्ये नोवो मेस्तोला जन्मला, १९९३ मध्ये ल्युब्लियानात, म्हणजे स्लोव्हेनियाच्या राजधानीत, वारला. तुम्ही वाशी, नेरूळ, खारघर कुठेही राहत असाल तरी हा माणूस तुम्हाला लवकर कळेल, कारण आधी कागदावर आखलेल्या आणि मग जमेल तशा उभ्या राहिलेल्या शहरात आपण रोज वावरतो, आणि याचं अर्धं करिअर त्याच भानगडीत गेलं.

आधी सर्चचं बघा, नाहीतर तिथेच घोळ होतो. वोय्तेख राव्निकार नावाचा दुसरा स्लोव्हेनियन आर्किटेक्ट होता, आणि गंमत म्हणजे आपल्या एडवर्डने आखलेल्या नोवा गोरित्सा शहरातलं थिएटर या वोय्तेखचं आहे, त्यामुळे "राव्निकार नोवा गोरित्सा" टाकलं की दोघांचे फोटो एकत्र येतात, नाव आणि साल बघितल्याशिवाय काही सेव्ह करू नका. तसंच ल्युब्लियानातला एडवर्डचा मोठा चौक आज रिपब्लिक स्क्वेअर आहे पण आधी रिव्होल्यूशन स्क्वेअर होता, जुनी ड्रॉइंग्ज जुन्या नावाखाली सापडतात.

चरित्र चार ओळीत संपवा प्लीज. स्लोव्हेनियाचा मोठा आर्किटेक्ट प्लेच्निक, त्याचा विद्यार्थी, १९३५ ला डिप्लोमा, १९३९ मध्ये काही महिने पॅरिसला कॉर्बुझिएच्या ऑफिसात, युद्धानंतर ल्युब्लियानात प्रोफेसर. ज्युरी, म्हणजे शीट तपासणारे परीक्षक, हमखास विचारणार की मग हा नक्की कोणाचा चेला. एका वाक्यात उत्तर देऊ नका, दोन चित्रं शेजारी लावा: ल्युब्लियानाच्या मॉडर्न आर्ट म्युझियमची दगडी भिंत, जिच्यात प्लेच्निकचा हात स्पष्ट दिसतो, आणि नोवा गोरित्साचा प्लॅन, जो सरळसरळ कॉर्बुझिएच्या वळणाचा आहे. शिकवण्याबद्दल लिहायचं तर १९६० ते ६२ चालवलेला त्याचा बी-कोर्स घ्या, आर्किटेक्चर शाळेतच डिझाइन शिकवायचा प्रयोग होता, लवकर गुंडाळला गेला. त्याच्या विद्यार्थ्यांपैकी साशा मेख्तिगने पुढे तो के-६७ किऑस्क केला, फायबरग्लासची जोडता येणारी रंगीत टपरी, तिचा एक फोटो लावा, बघणाऱ्याला लगेच भिडतो.

आता मेन काम, नोवा गोरित्सा. १९४७ च्या पॅरिस करारानंतर गोरित्सिया शहर इटलीकडे गेलं आणि आजूबाजूचा बराच भाग युगोस्लाव्हियात आला (स्लोव्हेनिया तेव्हा त्यातच होता), म्हणजे बाजारहाट पलीकडे आणि गिऱ्हाईक अलीकडे. मग ठरलं की आपलं नवीन शहर बांधायचं, प्लॅन राव्निकारकडे आला आणि १९४८ मध्ये तरुणांच्या श्रमदान ब्रिगेड्स लावून काम सुरू झालं. शीट करताना प्लॅन आधी काढू नका, आधी लाल पेनने बॉर्डर काढा. मग रेल्वे स्टेशन, जे युगोस्लाव्हियात होतं पण त्याच्या समोरच्या चौकातून बॉर्डर जायची आणि तिथलं कुंपण थेट २००४ मध्ये निघालं. मग राव्निकारचा रुंद, दुतर्फा झाडांचा मुख्य रस्ता, आणि त्यानंतर हिरवळीत सुट्या उभ्या इमारती. या सगळ्यावर बटर पेपर टाकून गुगल अर्थवरून आजचं शहर ट्रेस करा. त्याच्या प्लॅनमधलं फार थोडं उभं राहिलं, बाकीचं पुढच्या लोकांनी आपापल्या अकलेने भरलं, आणि हा फरकच तुमची केस स्टडी आहे, हे दोन थर नसतील तर शीटला अर्थ नाही.

हात बसायला ही प्रॅक्टिस घराजवळ करा. बेलापूर सेक्टर ८ मधल्या आर्टिस्ट्स व्हिलेजला जा, चार्ल्स कोरिया, ऐंशीच्या दशकातलं काम. सात घरं एका अंगणाभोवती, असा मूळ प्लॅन कुठेही मिळतो, तो प्रिंट करून न्या आणि एकच अंगण धरून आज काय आहे ते त्याच्यावर पेन्सिलने काढत जा, कोणी मजला चढवला, कोणी सगळं पाडून बंगला केला, ग्रिल, शेड, पार्क केलेली ॲक्टिव्हा, सगळं. अंगण पावलांनी मोजा, टेप काढली की लोकांना वाटतं सिडकोचा माणूस आला. आणि फोटो काढायच्या आधी विचारा, लोक राहतात तिथे.

तिसरी शीट रिपब्लिक स्क्वेअरची. १९६० ची कॉम्पिटिशन, पार्लमेंटसमोरची जागा, समोरासमोर दोन त्रिकोणी टॉवर. मुळात ते सरकारी कामासाठी आणि बरेच उंच होते, शेवटी उंची कापली गेली आणि आत आली एक बँक आणि एक इलेक्ट्रॉनिक्स कंपनी. बेलापूरलाही मंत्रालय आणायचं चाललेलं, आलं का? म्हणून हे आपल्याला समजावून सांगायला लागत नाही. एकाच जागेवरून दोन स्केच करा, एक मूळ उंचीचं, एक बांधलेल्या उंचीचं. माझं मत विचाराल तर बुटके टॉवरच बरे, चौकात उभ्या माणसाच्या अंगावर येत नाहीत, पण ज्युरीत एकाला तरी उलटं वाटणारच, वाद होऊ द्या. पुढे तिथेच मॅक्सिमार्केट हे डिपार्टमेंट स्टोअर आणि कान्कारियेव दोम हे कल्चरल सेंटर आलं, म्हणजे एकाच जागेवर साधारण वीस वर्षं काम. १९९१ मध्ये स्लोव्हेनियाच्या स्वातंत्र्याचा सोहळाही इथेच झाला, आणि तरी २०१४ पर्यंत त्या चौकाचं बऱ्यापैकी पार्किंगच होतं.

शेवटचं राव्निकारचंच काम, क्रोएशियातल्या राब बेटावरचं काम्पोरचं स्मारक, १९५३, फॅसिस्ट इटलीच्या छळछावणीत मेलेल्यांची दफनभूमी. त्याला शीट द्या पण मूड बोर्ड, रेंडर, ड्रामॅटिक आकाश असलं काही नको, साधा साइट प्लॅन आणि थडग्यांच्या रांगा पुरे.

एक राहिलं. सिडको आणि नोवा गोरित्सा शेजारी ठेवले म्हणून सिडकोने तिथून काही उचललं असं लिहू नका, तसा काही संबंध नाही. तिथे बॉर्डरने शहर हिरावलं, इथे मुंबईत जागा उरली नाही म्हणून १९७० मध्ये सिडको आली, कारणं वेगळी आहेत आणि ती दोन्ही पहिल्याच शीटवर वर कोपऱ्यात टाका, नॉर्थ आणि स्केलच्या शेजारी.